बांड्याची जोडी

पोळ्याची अमावास्या, १९७४. गोरक्षणात हजर: मी, म्हणजे शाळेतली बाई, रखवालदार, सात म्हातारे बैल, आणि मोठी माय. गैरहजर: संस्थेचे पंच, सगळे.

मोठ्या मायनं पदर कमरेला खोचला होता. तिनं पदर खोचला की समजावं, आज गावात कोणाची तरी खैर नाही.

जैन मंदिराच्या गल्लीत तिचं किराणा दुकान. नवऱ्यामागे तीच चालवी. दुपारी कुलूप घालून गोरक्षणात येई, शेण काढी, जखमांना हळद लावी. तुम्ही कधी तिकडे फिरकला असाल तर तुमच्याही हातात तिनं खराटा दिला असेल. अमुक चालत नाही, असं कोणी म्हटलं की तिचा एकच सवाल असे, "कोन म्हन्ते? त्याले माह्या समोर आना."

एकदा तिनं रस्त्यावर टाकून दिलेलं लंगडं गाढव आणलं. इथे फक्त गाई-बैल, असा पंचांचा निरोप आला. ठरलेला सवाल गेला. पंच खरंच समोर आले. तिनं गाढवाची दोरी त्यांच्या हातात दिली. "मंग घेऊन जा. तुमच्या वसरीवर बांधा." गाढव गोरक्षणातच राहिलं.

आमच्या बैलांना पोळा नव्हता. मालक नाही म्हणून मान नाही. त्या वर्षी मोठ्या मायनं आदल्या दिवशी त्यांचे खांदे शेकले, तूप-हळद चोळली. सकाळी आम्ही शिंगं रंगवली. कोण कोणाशेजारी चालणार ते मी लिहून काढलं. तीन जोड्या जमल्या, काळा-पांढरा बांडा उरला.

"याचं काय?" मी विचारलं.

"पाहू."

तोरणाखाली गावच्या जोड्या उभ्या होत्या. पाटील पुढे आले. "मोठी माय, पोळा कष्टाच्या बैलाचा असते. हे कायले आनले?"

"कोन म्हन्ते?"

"मी म्हनतो."

"बरं झालं, समोरच हाये तुमी. या बांड्याचा खांदा पाहा. हे घट्टे कोनाच्या नांगरानं पडले?"

साऱ्या गावाला माहीत होतं. पाय अधू झाल्यावर पाटलांनीच बांड्याला आमच्याकडे आणून सोडलं होतं. पाटील वाजंत्र्यांकडे बघू लागले.

मागून कोणी तरी ओरडलं, "पन याची जोडी कुठी हाये? एकटा बैल तोरनाखाली लागते काय?" लोक हसले.

मोठी माय बांड्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. कासरा घट्ट धरला. "याची जोडी गेली, माहीबी गेली. झाली ना आता जोडी?"

पाटील बाजूला सरकले.

तोरण तुटलं, पोळा फुटला. बैल आपापल्या घरी निघाले. आमचे सहा बैल रखवालदारानं गोरक्षणाकडे वळवले. बांडा मात्र लंगडत भलत्याच गल्लीत शिरला. मोठ्या मायनं कासरा ओढला नाही. त्याच्यासोबत चालत राहिली. मी मागोमाग. तो पाटलांच्या दारात जाऊन थांबला.

पाटलीणबाई आरती घेऊन उभ्याच होत्या. त्याला पाहून त्यांनी तबक खाली ठेवलं. त्यांनी त्याचे पाय धुतले, पुरणपोळी चारली. पाटील मागून आले आणि हळूच म्हणाले, "राहू दे आता त्याले इथंच."

"अन् उन्हाळ्यात चारा सरला की पुन्हा आनून सोडसान! नाई देत." तिनं बांड्याच्या पाठीवर थाप मारली. "जेवन झालं ना बाप्पा? चाल घरी."

तो वळला.

पुढच्या पोळ्याआधीच बांडा गेला. पण दर वर्षी एखादा बैल एकटा उरेच, आणि मोठी माय त्याच्या डावीकडे उभी राही. पुढे पुढे लोक तिच्यासाठी जागा सोडून ठेवू लागले. या चैत्रात ती गेली. दुकानाला कुलूप आहे. गोरक्षणात तिचा खराटा आहे, तो मी वापरते.

परवा गावातून निरोप आला, "यंदा मोठी माय नाही, तर गोरक्षणाचे बैल आणू नका."

"कोण म्हणतं?" मी विचारलं. निरोप्या निघून गेला.

पोळा आठ दिवसांवर आलाय. शिंगं रंगवायला हिंगूळ कारंजाहून आणून झाला. नवे कासरे आले. पुरण पाटलीणबाईंकडून येणार आहे. यंदा बैल नऊ आहेत. चार जोड्या मी लिहून टाकल्या. नवव्या बैलाच्या डावीकडे कोण उभं राहणार, ते अजून लिहायचं आहे.