वजा केलेली हवा

तारांच्या जोडाला कथलाचा डाक देतानाच्या धुराचा वास आला की मला अकोल्याच्या कॉलेजची ती तापलेली गच्ची आठवते. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी ताई तिथे टीव्हीच्या दोन छत्र्या जोडून सूर्याच्या रेडिओलहरी मोजायची. दमट हवेतून लहरी एखाद्या छत्रीकडे किंचित उशिरा पोचत आणि मोजमाप डगमगे. म्हणून ती आकाशात सूर्याच्याच बाजूला असलेल्या टीव्हीच्या उपग्रहाचाही संकेत नोंदवायची. उपग्रहाची जागा ठरलेली, तेव्हा त्याच्या संकेतातली थरथर हवेची. तेवढी ती सूर्याच्या नोंदीतून वजा करायची. विभागप्रमुखांनी डगमगता आणि दुरुस्त असे दोन्ही आलेख पाहिले अन् म्हणाले, "काहून वो मॅडम, आकडे शिजवून आणले काय?" "नाही सर, हवेचा दोष काढला." "आता हवेले दोष देऊन राहिली! जसं आलं तसंच दे, नाहीतर नापास." मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली, गच्चीवर जाऊन म्हणाले, "ताई, खोटं देऊ नको." छत्रीचा स्क्रू सोडवत ती म्हणाली, "तुह्या घोषणांनी मले डिग्री भेटन काय?" तिने दुरुस्त आलेख फाडला आणि डगमगता जोडला. पहिला वर्ग मिळाला. परीक्षकांनी शेरा दिला, 'प्रामाणिक काम'. आज मी प्रामाणिकपणावर पानंच्या पानं लिहिते, पण ते दोन शब्द त्यात कुठेच वापरत नाही.