वकीलबाईचा शेवटचा अर्ज

आमची वकीलबाई उभ्यानं जेवायची. त्या संध्याकाळीही एका हातात भाकर, दुसऱ्या हातात अर्ज, अन् ती मला वाचून दाखवत होती. मी मशीनवर ब्लाउजची बाही लावत होतो. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "समजलं का?" मान वर न करता मी म्हणालो, "समजलं." मी ऐकलंच नव्हतं.

वकीलबाई म्हणजे माझी बायको. मी सावनेरात टेलर, चौथी नापास. लग्नात ती मॅट्रिक होती. पुढं रोज बसनं नागपूरला जाऊन कायदा शिकली. तिचा काळा कोट मीच शिवला. लोक म्हणायचे, "बायको कोर्टात, अन् तू काजं करत राह्य गा!" मी म्हणायचो, "तुह्या बायकोचाही कोट शिवतो. शिकव तिले आधी."

प्रत्येक अर्ज ती आधी मला ऐकवायची. "तुम्हाले समजला म्हणजे ज्याचा अर्ज हाये त्याले समजन, अन् साहेबाले बी." एकदा वाक्य इतकं लांब झालं, की कोणी कोणाला मारलं तेच मी विसरलो. म्हणालो, "याच्यात दोन पायजमे निघतील वं." ती हसली, "मंग कापा!" अन् तिथंच वाक्य तोडलं.

एका जागी बसणं तिला माहीत नव्हतं. चुलीवर डाळ अन् ओट्यावर बाया. कोणाला नवऱ्यानं हाकललेलं, कोणाचं राशन बंद. डाळ करपायची. पोरगी ओरडायची, "आई, घरच्यांची केस कधी घेशील?" "तुमची तारीख रविवारी." अन् रविवारी ही विहारात बायांना सही शिकवायला जायची.

मी चिडायचो. खोटं कशाला बोलू, पुष्कळ चिडायचो. दोन दिवसांपासून तिची छाती दुखत होती. त्या संध्याकाळी दवाखान्यात चल म्हटलं, तर म्हणाली, "अनुसयेचा अर्ज उद्या लागला पाह्यजे." अनुसया ही जवळच्या खापा गावची म्हातारी, एकटी. पुतण्यानं तिच्या घरावर आपलं नाव चढवलं होतं, अन् हरकत घ्यायचा उद्या शेवटचा दिवस होता. त्याच रागात मी 'समजलं' म्हणून मोकळा झालो.

हात धुवायला गेली ती मोरीजवळ बसली. कधी न बसणारी बाई बसली, तेव्हा मी मशीन सोडली. डॉक्टर येईपर्यंत सारं आटोपलं होतं.

सकाळी घर माणसांनी भरलं. अनुसयाही आली होती. कोपऱ्यात बसून रडत होती, अर्जाचं नाव काढत नव्हती. मी अर्ज उचलला, तिला म्हटलं, "चाल मावशे." मेव्हणा आडवा आला.

"भाऊजी, घरात मयत हाये. कुठी चालले?"

"कचेरीत. मी येईपर्यंत तिले हलवू नका."

कचेरीच्या पायरीवर तिच्या ओळखीचा वकील भेटला. अर्ज त्याच्या हाती दिला. "वाचा." त्यानं भरभर वाचला. म्हणालो, "मले समजलं नाही. पुन्हा वाचा." आता त्यानं हळू वाचलं. घर अनुसयेनं नवऱ्यासोबत विटा वाहून बांधलं. पुतण्या तेव्हा जन्मला नव्हता. ती आजही तिथंच राहते. लहान लहान वाक्यं, एकही कापायला जागा नव्हती.

"समजलं," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच.

अनुसयेचा अंगठा घेतला, अर्ज दिला, पोच घेतली, अन् वकीलबाईला उचलायला घरी आलो.