सोफ्यासाठी आत घेतलेली दोरी

सीमारेषेची दोरी मीच हलवली. हे आधीच सांगून टाकतो, कारण सासुरवाडीत अजून विमा कंपनीला शिव्या चालू आहेत आणि त्या ऐकताना मला घास गिळवत नाही.

आष्ट्याजवळच्या त्या गावात दर वर्षी टेनिस बॉलची क्रिकेट स्पर्धा असते. यंदा मंडळाने जाहीर केलं, एका षटकात सहा षटकार मारणाऱ्याला मोटारसायकल! मंडळाची ऐपत गाडीच्या आरशापुरतीही नव्हती. म्हणून मी, शहाणा समजला जाणारा जावई (साताऱ्यात राहतो, एवढंच भांडवल), बक्षिसाचा विमा शोधून काढला. आपण हप्ता भरायचा; कुणी जिंकलाच तर गाडी कंपनी देणार. मला याचं भलतंच कुतूहल. माणूस मरेल, म्हैस मरेल म्हणून विमा ऐकला होता. कुणाचं तरी भलं होईल या भीतीने काढलेला विमा पहिल्यांदाच बघत होतो. कंपनीच्या साहेबांना इतके प्रश्न विचारले, की ते पाणी मागायला लागले. सकाळी त्यांनी टेपने मैदान मोजलं, दोरी लावून घेतली आणि मला बजावलं, "ही हलवू नका. हलली की विमा संपला."

मी मान डोलावली. मग सासरे आले.

आण्णा निवृत्त सुभेदार आणि त्या दिवशीचे प्रमुख पाहुणे. त्यांचा सोफा भर उन्हात. बायको कानाशी येऊन म्हणाली, "आवं, आण्णांचं टक्कल तापलंय. जावई हाय न्हवं तुमी?" लिंबाची सावली होती, पण ती दोरीच्या आत. मी सोफा सावलीत सरकवला. पाहुणा मैदानात बसलेला बरा दिसेना, म्हणून कुणाला न सांगता दोरी सोफ्याच्या पुढून घेतली. (साहेब कुठे होते? मांडवात मंडळ त्यांचा सत्कार करत होतं.)

आणि माझा मेहुणा सच्या फलंदाजीला उतरला. त्याला गाडी हवी होती दुधासाठी. रोज पहाटे कॅन सांभाळत तो कुणाच्या तरी मागे लटकून डेअरी गाठायचा. त्याने पाच चेंडू उसात घातले. सहावा उंच उडाला आणि आण्णांच्या मांडीवरच्या शालीत पडला. गाव नाचलं. साहेब एका हातात सत्काराचा नारळ आणि दुसऱ्यात टेप घेऊन सोफ्यापाशी आले, मोजलं, नारळ आण्णांच्या हाती दिला आणि निघून गेले.

गाडी गेली. कंपन्या अशाच असतात, हे सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणत होतो. पण आण्णांनी छातीवर पदकं लावून, टेम्पोभर माणसं घेऊन सांगलीच्या ऑफिसावर जायचं ठरवलं, तेव्हा माझं अवसान गळालं. मी गोठ्यात सच्याला गाठलं.

"सच्या, दोरी म्या हलवली. चुकलो गड्या."

तो धार काढतच राहिला. "म्हाईत हाय की, दाजी. बघितलं तवाच. म्हणून तर सहावा तिकडं मारला." मग धार सोडून उठला आणि माझ्या पाया पडला. "माझ्यासाठी एवढं कोण करतंय? कुणाला बोललो न्हाई म्या."

इथे गप्प बसलो असतो, तर त्या घरात देवाशेजारी माझा फोटो लागला असता. पण मला खोटं पचत नाही, पचलं तरी झोप लागत नाही. मी दुसऱ्यांदा माफी मागितली.

"माफ कर, सच्या. तुझ्यासाठी न्हवती रं. आण्णांच्या टकलासाठी हुती."