ज्वारीच्या डब्यातली टेप

ती घटना आठवली की आजही माझा आवाज चढतो. घरातले म्हणतात, "आई, हळू, शेजारी ऐकतात." ऐकू देत की! तेव्हा ज्यांनी ऐकायला पाहिजे होतं त्यांनी कानावर हात ठेवले. निदान शेजाऱ्यांना तरी कळू दे.

मी शिपाई म्हणून भरती झालेली बाई. खात्याची परीक्षा देऊन फौजदार झाले. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. ठाण्यात पहिला संगणक आला तेव्हा महिनाभर सगळ्यांनी त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवला होता, धूळ बसंल म्हणून. तो टॉवेल मी काढला. दोन बोटांनी पंचनामे टाइप करता करता जेवढं कळलं तेवढंच माझं शिक्षण. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं वाचून कुणी मला फार हुशार समजायला नको.

ठाणं बीड जिल्ह्यातलं, तालुक्याचं. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. आमच्या हद्दीत एक सहकारी दूध संघ होता. दूध आटलं, तसा संघ जनावरांची छावणी चालवायला लागला. कुणाची किती जनावरं, कोणत्या जनावराच्या कानात कितव्या नंबरचा बिल्ला, रोज कुणाला किती चारा, ही सगळी यादी संघाच्या कचेरीतल्या मोठ्या संगणकात होती. त्याला ते सर्व्हर म्हणत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो सर्व्हर सुरूच होईना. काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या ओळी यायच्या आणि तिथंच अडून बसायचा. यादीशिवाय छावणीत जो जोरात ओरडंल त्याला चारा, अशी गत झाली. माणसं एकमेकांच्या अंगावर जायला लागली.

संघाचे अध्यक्ष स्वतः ठाण्यात आले. फिर्याद अशी, की संगणक सांभाळणाऱ्या ऑपरेटर मुलीनं मुद्दाम सर्व्हरमधल्या फायली खराब केल्या आणि नवमीच्या पहाटे गाव सोडलं. संघाची निवडणूक तोंडावर होती, म्हणून ती विरोधी पॅनेलला फितूर आहे, असंही त्यांनी जोडून दिलं.

"गेली कुठं ती?" मी विचारलं.

"नागपूरला, दीक्षाभूमीवर. दरसाल जातात की ती मंडळी दसऱ्याला."

"दरसाल जाते तर यंदा पळून गेली कावून म्हणता?"

"मॅडम, तुमी प्रश्न लई विचारता बघा."

"पगार त्याचाच घेते, अध्यक्ष."

गुन्हा नोंदवून घेतला. पण आरोपीच्या रकान्यात मी 'अज्ञात' लिहिलं. वाकडं आलं ते तिथून. आमचे निरीक्षक, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, कागद बघून म्हणाले, "बाई, फिर्यादीनं नाव सांगितलंय, मग अज्ञात कशाला?"

"साहेब, नाव माहीत हाय. गुन्हा कुणी केला ते माहीत न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. 'संघाची वस्तू त्या पोरीच्या घरात हाय, ज्वारीच्या डब्यात बघा.' एवढंच बोलून ठेवून दिला. खबर इतकी नेमकी असली की मला खबरीपेक्षा खबर देणाऱ्याचा संशय जास्त येतो. तरी झडती टाळता येत नाही. दोन पंच आणि एक महिला शिपाई घेऊन आम्ही तिच्या वस्तीवर गेलो.

दोन खोल्या, वर पत्रे. आईबाप ऊसतोडीला निघायच्या तयारीत, दारात कोयत्यांना धार लावणं चाललेलं. पोरगी सकाळीच नागपूरहून परतली होती, पिशवी अजून सोडलीसुद्धा नव्हती. वय असेल पंचविसाच्या आतबाहेर. आई पुढं झाली. "या बाई. घर ल्हान हाय, लवकर उरकंल तुमचं."

डबा पालथा केला. ज्वारीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक कॅसेट निघाली, काडेपेटीहून थोडी मोठी. एक पंच हरखून म्हणाला, "घावला माल!"

"ज्वारी बी लिहून घ्या की मग," आई म्हणाली. "उद्या म्हणाल ती बी संघाचीच हाय."

पोरगी मात्र घाबरली नाही, चिडली. "मॅडम, ती बॅकअपची टेप हाय. दर शनिवारी सर्व्हरमधलं सगळं दोन टेपांवर उतरवून घेते मी. एक कचेरीतच ऱ्हाती, एक बाहेर. कचेरीला आग लागली तर दोन्ही जळाय नकोत म्हणून."

"आणि ज्वारीत कावून?"

"कोरडी ऱ्हाती. आमच्या घरात कपाट न्हाई, मॅडम."

"कुणाला माहीत होतं?"

"सगळ्या कचेरीला. रजिस्टरला नोंद हाय. अध्यक्ष तर हसायचे, म्हणायचे, संघाचा जीव हिच्या डब्यात हाय."

मी त्याच पावली कचेरीत जाऊन रजिस्टर ताब्यात घेतलं. दर शनिवारची नोंद होती, 'टेप नं. २ घरी नेली', खाली तिची सही. आता मला सांगा, सर्व्हर बुडवायला निघालेलं माणूस त्याचीच नक्कल दर आठवड्याला सही करून सांभाळून ठेवतं का?

ठाण्यात बोलावून मी तिची दोन तास चौकशी केली, भर दिवसा, महिला शिपाई शेजारी बसवून. इतक्या वर्षांत माणसांबद्दल एक गोष्ट कळली. बनवून सांगणारा दर वेळी तेच शब्द तसेच्या तसे सांगतो. खरं बोलणारा तिसऱ्यांदा विचारलं की वैतागतो आणि वैतागाच्या भरात काहीतरी नवीन सांगून जातो. तिसऱ्या वेळेला ही म्हणाली, "मलाच काय विचारता सारखं? मशीनला विचारा ना! टेप लावा, सुरू करा, ते सांगंल काय झालं ते."

खरंच की. तीन दिवस सगळे पोरीबद्दल विचारत होते, मशीनला कुणीच विचारलं नव्हतं.

तेवढ्यात निरीक्षकांनी आत बोलावलं. "वरून फोन आलाय. वस्तू घरात सापडली आहे. आज अटक दाखव, उद्या कोर्टात हजर कर, विषय मिटव."

मी म्हटलं, "साहेब, एकदा अटक रजिस्टरला नाव चढलं की ती सुटली तरी ते नाव उतरत न्हाई. तिच्या घराण्यात पगाराची नोकरी मिळवलेली पहिली पोरगी हाय ती. नुसत्या फोनवर मी न्हाई चढवणार. अटक करायची तर लेखी हुकूम द्या."

"तू मला कायदा शिकवतेस?"

"न्हाई साहेब. तुमच्याकडूनच शिकलेला सांगते."

लेखी द्यायला ते तयार होईनात. मी बाहेर येऊन स्टेशन डायरी ओढली आणि नोंद केली. अमुक वाजता तोंडी सूचना मिळाली, पुरावा अपुरा असल्यानं अटक केली नाही, तज्ज्ञ बोलावत आहे. डायरीत शाईनं उतरलं की त्याला मोठ्यातला मोठा माणूस दबकतो. पोरीला हजर राहायची नोटीस देऊन आईबरोबर घरी पाठवलं.

औरंगाबादहून इंजिनियर आले. चाळिशीचे, मितभाषी गृहस्थ. पंच, अध्यक्ष, कचेरीतला म्हातारा शिपाई आणि ती पोरगी, सगळ्यांना मी कचेरीत उभं केलं. सर्व्हर उघडून बघून इंजिनियर म्हणाले, "सिस्टीम फाइल्स खराब झाल्यात. झोपेतून उठल्यावर आपला हात कुठं, पाय कुठं हे माणसाला कळतं ना, मशीनला ते ह्या फायलींवरून कळतं. टेप आहे ना? सगळी टेप ओततो आत, तासाभरात मशीन गेल्या शनिवारी होतं तसं होईल."

अध्यक्ष लगेच म्हणाले, "हां हां, ओता! छावणी खोळंबलीय."

मी विचारलं, "साहेब, सगळी ओतली तर शनिवारनंतर मशीनमध्ये काय काय झालं ते कुठं दिसंल?"

"नाही दिसणार. त्यावर जुनं येऊन बसेल."

"मग थांबा," मी म्हटलं. "खून झालेल्या घरात पंचनाम्याच्या आधी फरशी पुसत न्हाईत."

इंजिनियर हसले. म्हणाले, असं करता येईल. आधी आहे ती डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवून सीलबंद करू. मग टेपवरून फक्त खराब झालेल्या फायली घेऊ, बाकी कशाला हात लावायचा नाही. मशीनची स्वतःची डायरी असते, कधी सुरू झालं, कधी बंद झालं, कोण आत आलं, काय पुसलं, ती तशीच राहील. मशीनलाही स्टेशन डायरी असते हे ऐकून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! माझ्या ओळखीचीच वस्तू निघाली की.

टेप घालायच्या खाचेत आधीचीच एक टेप अडकलेली होती, कचेरीत राहणारी. ती ओढली तर आतली फीत गुंता होऊन बाहेर आली आणि तिच्याबरोबर टेबलावर काहीतरी सांडलं. कुंकवानं लाल झालेले तांदळाचे दाणे, सात-आठ.

मी म्हाताऱ्या शिपायाकडे वळले. "मामा, ह्या अक्षता कशाच्या?"

"खंडे नवमीच्या की, मॅडम," मामा सरळ म्हणाले. "अवजारांची पूजा केली. टाईपरायटर, वजनकाटा, आन् ह्ये."

"पूजेच्या वेळी हे चालू होतं?"

"पूजेला अवजार चालू ठेवतं का कुणी? त्या दिशी त्याला इसावा द्यायचा असतो. अध्यक्षांनी सोताच्या हातानं मेन बटण पाडलं. तर ती खालची पेटी लागली केकाटायला."

"ती यूपीएस," पोरगी कळवळून म्हणाली. "लाईट गेल्यावर पंधरा मिनिटं मशीन जगवती ती!"

"मला काय ठावं, बाळा? आरतीत केकाटती म्हणून अध्यक्ष म्हणले, गप करा तिला. मी वायर उपटली."

मी म्हटलं, "मामा, हे आधी कावून न्हाई सांगितलं?"

"कुणी इचारलं मला? तुमी समदे म्हणत व्हते पोरीनं काय केलं सांगा. तिनं तर काय बी केलं नव्हतं. पूजा बी आमीच केली."

आणि खरंच, त्यांच्या लेखी ते सांगण्यासारखं काही नव्हतंच. पूजेनं यंत्राचं वाईट होईल हे त्या कचेरीत कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. दुष्काळात झेंडू मिळाला नाही म्हणून कागदाची माळ करून घातली होती बिचाऱ्यांनी.

टेप लावली. ज्वारीतली. एकेक फाईल जाग्यावर बसत गेली, कचेरीतली बाकीची धरून आम्ही चौदा-पंधरा माणसं त्या पडद्याकडे बघत उभी. शेवटी मशीन उठलं आणि उठल्या उठल्या त्यानं स्वतःच नोंद केली, की मागच्या वेळी नवमीला सकाळी दहा बावन्नला, नीट बंद न होता अचानक गेलं. इंजिनियरांनी मशीनचं घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून तेही लिहून दिलं. त्या आधी काही पुसल्याची खूण नाही. पोरगी दहा बावन्नला नागपूरच्या वाटेवर यष्टीत बसलेली, तिकिटं तिच्या पिशवीत. जनावरांची यादी तर सर्व्हरमधल्याच वेगळ्या डिस्कवर सगळी जशीच्या तशी होती.

अध्यक्षांचा चेहरा उतरला, पण आवाज नाही उतरला. "देवाधर्माचं केलं, त्यात काय गुन्हा हाय का, मॅडम?"

"पूजेत न्हाई. चूक झाली, ती बी गुन्हा न्हाई. पण बटण कुणी पाडलं हे तुमाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते गाळून हिचं नाव लिहून दिलंत, त्याला काय म्हणायचं, तुमीच सांगा."

पोरीनं त्यांच्या उत्तराची वाट न बघता खुर्ची ओढली, छावणीची यादी छापायला लावली आणि मामांच्या हातात कागद दिले. संध्याकाळच्या आत चारा नंबराप्रमाणं वाटला गेला.

मी अहवाल लिहिला. फिर्याद जाणूनबुजून खोटी, असं माझं मत मांडलं. वर गेल्यावर ते 'गैरसमजातून दिलेली फिर्याद' असं झालं. झालं तर झालं, माझं मत फाईलला लागलेलं आहे, सहीनिशी. महिन्याभरात माझी बदली मांजरसुंब्याला, हायवेवर, ट्रक मोजायला. सामान बांधायला मला अर्धा तास लागला. लोकांना वाटलं मी रडत जाईन. मी ढाब्यावर झणझणीत पिठलं-भाकरी खाल्ली आणि शिट्टी गळ्यात घातली.

ह्या केसनं मला काय शिकवलं, असं पुष्कळजण विचारतात. बिघडलेलं नीट करायची घाई जो सगळ्यात जास्त करतो, त्याच्याकडे आधी बघावं. कधी त्याला खरंच नीट करायचं असतं, आणि कधी त्याला कसं बिघडलं तेवढं झाकायचं असतं. आणि दुसरं, ज्याला कुणी काही विचारत नाही त्याला विचारावं. मग तो म्हातारा शिपाई असो नाहीतर मशीन.

पोरीचं सांगायचं राहिलं. संघानं तिला घरी बसवलं होतं, मग निरोप धाडला, चूक झाली एवढं लिहून दे आणि कामावर ये. ती हायवेवर मला भेटायला आली. "मॅडम, मशीन टेपवरून पूर्ववत झालं. मला छावणीवरच्या बाया अजून चोरटी म्हणत्यात. मी काय लिहून देऊ? त्यांनीच लिहून लावावं फळ्यावर."

"लावतील का?"

"न लावून जातात कुठं? निवडणूक हाय त्यांची. छावणीवरच्या समद्या लोकांना मी सांगत सुटले तर?"

संघाच्या पहिल्या कागदावर 'गैरसमज दूर झाला' असं होतं, तिनं परत केला. दुसऱ्यावर 'तांत्रिक बिघाड', तोही परत. तिसऱ्यावर चूक होती, पण ती कुणाची ते नव्हतं. चौथा कागद अध्यक्षांच्या सहीनं फळ्यावर लागला: मुख्य बटण अध्यक्षांनी बंद केल्यानं सर्व्हर बिघडला, ऑपरेटरचा दोष नाही.

तिनं तो सगळ्यांसमोर वरपासून खालपर्यंत वाचला. ठाण्यात दोन तास बसून जबाबाखाली आम्ही काय लिहून घेतो ते तिनं बघितलं होतं. पेन काढून अध्यक्षांच्या सहीखाली तिनं तेच लिहिलं, 'वाचून पाहिले, बरोबर आहे', आणि आत जाऊन आपल्या खुर्चीवर बसली.