आबांनी सांगितल्याप्रमाणे

आमच्या घरात लढाईवर गेले ते आबा, आणि लढाई सांगतो मी. ही वाटणी कधी झाली ते आठवत नाही. आबा म्हणजे माझे वडील, सतरा वर्षं पलटणीत काढून कोल्हापूरजवळच्या उचगावात परतले आणि म्हैस सांभाळत गप्प बसले. मी शाळेत भूगोल शिकवतो, मला गप्प बसता येत नाही. बारसं असो, जावळ असो, लग्नाचा मांडव असो, पहिली पंगत उठली की कुणीतरी म्हणणारच, "मास्तर, आबांची लढाई होऊ द्या." मी दोनदा नको-नको म्हणतो. तिसऱ्यांदा कुणी आग्रह करेल याची खात्री नसते, म्हणून लगेच सुरू करतो. बायको म्हणते, "लढाईला आबा गेलते की तुमी?"

सुरुवात दुधापासून. आज्जाला तीन मुलगे. थोरला बैलं झकास हाकायचा, तो शेतीला. धाकटा अंगानं भरलेला, तो तालमीला. मधले आबा. त्यांच्या हातात कासरा दिला की संध्याकाळी बैलं घरी यायची आणि आबा रानात राहायचे. आज्जा म्हणाला, "ह्येला सरकारला दिऊन टाकू." पण सरकार माणूस वजन करून घेतं, आणि आबा म्हणजे नुसती काठी. भरतीच्या सकाळी आज्जानं त्यांना कोल्हापुरात गंगावेशीत नेलं. तिथं म्हशी रस्त्याच्या कडेला बांधलेल्या असतात. गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसासकट हातात देतात. आबांनी उभ्या-उभ्या चार तांबे रिचवले, वर डझनभर केळी. काट्यावर वजन भरलं. काट्यावरून उतरून मैदानाच्या कुंपणापर्यंत पोचले आणि सगळं बाहेर! तेवढ्यात रांगेतला एक पोरगा मागून आला, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "वजन लिवून घेतलं न्हवं? मग ओक खुशाल. आता भरपाई सरकार करंल."

हा हुपरीचा. घरात चांदीची पैंजणं घडवायचं काम. त्या दिवसापासून दोघं एकत्र. ट्रेनिंगला शेजारी खाट, पलटण एक, तुकडी एक, आणि एकाहत्तरला लढाई लागली तेव्हाही एकत्रच.

इथवर सगळं आबांनी स्वतः सांगितलेलं. दूध खरं, केळी खरी, ओकणं तर शंभर टक्के खरं. पुढचं मी त्यांना एकदाच विचारलं, कॉलेजात असताना. ते म्हशीला वैरण टाकत होते. म्हणाले, "तो पुढं हुता. मी मागं हुतो. धूर गेला, तर तो न्हवता." आणि दुसरी पेंढी आणायला गेले.

एवढंच. आता एवढ्यावर मांडव कसा धरून ठेवायचा? मी आधी एक नदी घातली. भूगोलाच्या मास्तराला नदी घालायला काय लागतं? मग पाण्याची बाटली आली. आबा जखमी मित्राचं डोकं मांडीवर घेतात, घोटभर पाणी पाजतात. मग शेवटचे शब्द. सुरुवातीला मी "आईला सांग" म्हणत होतो. पण आई म्हटलं की बायका रडायला लागायच्या, वाढपी थांबायचे आणि दुसरी पंगत खोळंबायची. म्हणून आईच्या जागी आक्का घातली. "आक्काला सांग, फार दुखलं न्हाय." हे बेतानं बसलं. डोळे ओले व्हायचे, पण जिलेबी वाढायची थांबत नव्हती. त्या पोराला बहीण होती की नव्हती, हे मी आबांना विचारलंसुद्धा नव्हतं.

सुरुवातीची वर्षं मी नदीपाशी आलो की आबा उठून चप्पल शोधायला जायचे. नंतर बसून राहायला लागले. मग ऐकायला लागले. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं सुरू झालं. सकाळी उठून "हजेरी झाली का?" असं सुनेला विचारायचे. त्याच सुमारास एका बारशात मी घाईत पाण्याची बाटली गाळली, तर मागून आबांचा आवाज आला, "बाटली ऱ्हायली." सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं, आपली गोष्ट आबांना आवडली.

गेल्या वर्षी कागलच्या एका लग्नात कुणीतरी मला मोबाईलवर टिपलं. तो व्हिडिओ पाहुण्यांतून पाहुण्यांत फिरला. मला बरेच अंगठे आले, मी ते बायकोला दाखवत फिरलो.

मग एका रविवारी अकराच्या सुमारास दारात रिक्षा थांबली. आपल्या सुनेचा हात धरून एक म्हातारी उतरली.

"मास्तराचं घर ह्येच न्हवं?"

"व्हय. या की पावणं, बसा."

ती बसली नाही. "मी आक्का," म्हणाली.

"कुठल्या आक्का?"

"तुमी मांडवात सांगता ती. हुपरीची."

मीच खाली बसलो.

तिनं सांगितलं ते असं. तार आली. मग भावाची पत्र्याची ट्रंक आली. भाऊ काही आला नाही, त्याची मातीही आली नाही. "आई म्हणाली, तारंचं काय खरं धरायचं? भाऊबीजेला तिनं माझ्याकडनं पाट मांडून घेतला. ज्यीला भाऊ न्हाय ती चंद्राला ओवाळती, मास्तर. मी चंद्राला ओवाळलं म्हंजे भाऊ न्हाय असं झालं. आईनं ते होऊ दिलं न्हाय. आई गेली, तरी माझ्यानं झालं न्हाय. सासरी सगळी हसत्यात, पर मी रिकामा पाट ओवाळती. मग ह्या सुनंनं तुमचा व्हिडिओ दावला. पर ते तुमच्या तोंडचं. मला ज्यानं बघितलं त्येच्या तोंडचं पायजे."

माझ्या हातात तेवढाच एक क्षण होता. आक्का, ते मी रचलंय, एवढं म्हणायचं. आयुष्यभर न थांबलेलं माझं तोंड उघडलं आणि म्हणालं, "च्या घेणार का कॉफी?"

आबांना आतून आणलं. आक्कानं त्यांचा हात हातात घेतला. पैंजणांना घुंगरं डाक देऊन जोडून-जोडून तिच्या बोटांची टोकं लाकडासारखी झाली होती.

"दादा, माझा भाऊ कसा गेला?"

आबा तिच्याकडे बघत राहिले. आता त्यांना काही आठवू नये, असं मला वाटलं. मग वाटलं, ती वैरणीपुढची तीन वाक्यंच आठवावीत, काय व्हायचं ते होऊ दे.

"नदी हुती," आबा म्हणाले.

नदी मी घातलेली. तरीही आबांच्या डोळ्यांत ती दिसत होती. मग बाटली आली, मांडी आली, घोटभर पाणी आलं. मी जिथं थांबतो तिथं आबा थांबले. जिथं मी हात वर करून पंगतीकडे बघतो तिथं त्यांनी हात वर केला आणि आमच्या कपाटाकडे बघितलं. माझी बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"म्हणाला, आक्काला सांग, फार दुखलं न्हाय."

आक्का मोठ्यानं रडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त पदरानं तोंड पुसलं. "न्हाय दुखलं न्हवं? बरं झालं. लहानपणी काटा मोडला तरी गल्ली डोक्यावर घ्यायचा." मग सुनेला म्हणाली, "यंदा पाट नगं गं मांडायला. चंद्रालाच ओवाळती."

निघताना ती माझ्याकडे वळली. "मास्तर, तेवढं कागदावर लिवून द्या. फोटोच्या मागं लावती. बुधवारी सून कोल्हापूरला येती, तिच्यापाशी द्या. खाली दादांची सही घ्या म्हंजे झालं."

रिक्षा गेल्यावर मी आबांच्या शेजारी बसलो. "आबा, तो खरंच असं बोलला?"

आबांनी बराच विचार केला. "तूच सांग की," म्हणाले. "तुला पाठ हाय."

"नदी हुती का, आबा?"

"तू म्हणतोस की हुती म्हणून."

वैरणीची आठवण करून दिली. धूर म्हणालो. पुढं कोण होतं, मागं कोण होतं, विचारलं. ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मी दुसऱ्याच कुणाच्या वडलांचं काही विचारतोय. ती तीन वाक्यं आता जगात फक्त माझ्याकडे होती, आणि माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

मंगळवारी शाळेतून येऊन लिहायला बसलो. पहिल्या कागदावर ती तीन वाक्यंच लिहिली. वाचून बघितली. तार वाटत होती. तार तिला एकदा येऊन गेली होती. शिवाय ‘तो न्हवता’ एवढंच वाचलं तर तिनं पुन्हा पाट मांडला असता. बायकोनं मागून वाचलं आणि नेहमीसारखा टोमणा मारला नाही, तेव्हा तर मला जास्तच भीती वाटली. तो कागद भूगोलाच्या पुस्तकात ठेवला. दुसरा घेतला. नदी, बाटली, मांडी, आक्का, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली लिहिलं, ‘आबांनी सांगितल्याप्रमाणे’. यात तरी खोटं काही नव्हतं, असं मी दोनदा स्वतःला समजावलं.

कागद आबांपुढे धरला. अलीकडे त्यांना स्वतःचा चष्मा कुठला ते कळत नाही. पेन मात्र त्यांनी ताठ धरलं. आधी पलटणीतला नंबर, सगळे आकडे न अडखळता, मग हुद्दा, मग नाव.

"कसला कागद हाय?" सही झाल्यावर त्यांनी विचारलं.

"तुमी सांगितलेलंच लिवलंय, आबा."

"मग बरोबर आसंल," ते म्हणाले, आणि टोपण लावून पेन माझ्या खिशाला अडकवलं.