खालच्या काकांची कळलावी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी फरीदाबादेत जितक्या लोकांना दमवलं, तितकं इथल्या उन्हाळ्यानेही दमवलेलं नाही. पस्तीस वर्षं त्यांनी एका सरकारी प्रयोगशाळेत बाटल्या धुतल्या. साहेब लोक बाटलीतल्या जेलीत झाडाचा इवलासा तुकडा लावायचे, त्यातून रोपं उगवायची. काकांना मात्र चिमटा हातात धरायचीही परवानगी नव्हती. म्हणून निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी काकूंच्या स्वयंपाकघरातच टिश्यू कल्चर मांडलं, तेही कळलावीचं. कोकणातली ही औषधी वेल, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची. ती घरात असली की भांडणं होतात म्हणतात. ‘फुलायची वाट कशाला बघायची? आमच्याकडे बाटलीपासूनच सुरू आहेत,’ काकू म्हणायच्या. बाटल्या निर्जंतुक करायला त्यांचा कुकर गेला होता आणि डाळ पातेल्यात शिजत होती. स्पिरिटचा दिवा फुटला तेव्हा काकांनी देवघरातलं निरांजनही उचललं.

तुकडे लावायची वेळ रविवार दुपारची. आठवडाभर मेट्रोत उभी राहून दिल्लीला ये-जा करणारी मी जरा आडवी होते न होते तोच जिन्यातून हाक यायची, ‘अगं, पंखा बंद कर! बुरशी उतरते खाली!’ माझा पंखा आणि त्यांची बुरशी यांचा संबंध काय, हे विचारायचं त्राण मे महिन्यात कुणाला असतं? मी घामाघूम होऊन छताकडे बघत पडायची. बक्षीस म्हणून अधूनमधून एक रोप मिळे. बाटलीत वाढलेल्या रोपाला बाहेरची हवा सोसत नाही, म्हणून त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी घालायची आणि ती रोज दहा-दहा मिनिटं जास्त उघडायची. ऑफिसला जाणाऱ्या बाईने हे कधी करायचं? एकामागून एक तीन रोपं मेली. काकांनी विचारलं की मी ‘बिल्कुल मस्त’ म्हणायची.

एकदा ते न सांगता वर आले आणि थेट रिकाम्या कुंडीपाशी उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘पहिलं गेलं तेव्हाच कळलं मला,’ ते म्हणाले. ‘जगलं असतं तर तू तक्रार केली असतीस. यार, प्रयोगशाळेत मेलेली रोपं फेकायचं काम माझंच होतं. फूल आलं म्हणून मात्र कुणी कधी बोलावलं नाही. एकदा आपल्या हातचं बघायचंय गं.’ आणि खिशातून त्यांनी चौथी बाटली काढली.

मागच्या थंडीत काका-काकू कायमचे मुलीकडे नाशिकला गेले. तेव्हाच चौथं रोपही वाळलं. मी कळवलं नाही, आणि कुंडी टाकायचाही कंटाळा केला. रविवारी दुपारी आता कुणी हाक मारत नाही. पंखा खुशाल फिरतो आणि मला झोप येत नाही. जूनमध्ये त्याच मातीत जिवंत राहिलेल्या कंदातून कोंब आला आणि पानांच्या शेंड्यांनी खिडकीची जाळी धरत चढत गेला. काल दमून घरी आले, तर सगळ्यात वर एक फूल.

मी फोन लावला. ‘काका, तुमच्या वेलीने वैताग आणलाय. खिडकी लागत नाही माझी.’

पलीकडून बारीक आवाजात ते म्हणाले, ‘पंखा बंद कर गं. वारा लागेल तिला.’

मी उठून पंखा बंद केला.