वर्ष भरायला सत्तर दिवस

‘९ जानेवारी, सोमवार. नळ दुरुस्त करणारा आजही आला नाही. धाकटा डोळ्यांच्या दवाखान्यातून परस्पर इकडेच आला. काचबिंदू. पंधरा दिवसांत ऑपरेशन करा म्हणतात. सोन्याच्या खाणीचे शेअर विकून टाकू का, विचारत होता. थांब म्हटलं.’

ताईंच्या डायरीत रोजची नोंद एवढीच असे. धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा, एकटा. बोळातलं हातभर रुंदीचं दुकान आणि त्यामागची खोली, एवढाच त्याचा संसार. उजव्या डोळ्याला भिंग लावून तो केसाएवढी स्प्रिंग एका दमात बसवायचा. सोनं वाढणार असं सगळेच म्हणत होते, म्हणून गेल्या मार्चमध्ये त्याने सगळी पुंजी खाणीच्या शेअरमध्ये घातली होती. ती दुप्पट झाली होती.

“वीस मार्चला वर्ष भरतंय,” ताई म्हणाल्या. “आत विकलेस तर कर दुप्पट. सत्तर दिवसांसाठी सरकारच्या घशात घालतोस?”

“डॉक्टर पंधरा दिवस म्हणाला गं.”

“डॉक्टरांना घाईच असते. थेंब घालत राहा.”

“बरं, मदर सुपिरिअर!” लहानपणी बहीण नन्सच्या कॉन्व्हेंट शाळेत जायला लागली तेव्हापासून तो तिला तिथल्या मुख्य ननच्या नावाने असंच चिडवायचा. “तुझ्या आकड्याशी जुळलं नाही, तर चूक सरकारचीच.”

ताईंच्या कपाटात यजमानांनी घेतलेली सोन्याची चार नाणी होती. दोन मोडली असती तरी भागलं असतं. पण भाव रोज चढत होता. त्याने विषय काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी त्या दुकानात बसल्या होत्या. एक बाई तणतणत आली.

“अहो, घड्याळ दिलंत, पण मिनिटकाटा कुठाय?”

“तास कळतोय ना, बाई? एवढी कसली घाई?”

बाईसुद्धा हसली. ताईंना मात्र हसू येईना. काटा टेबलावरच होता, धाकट्याच्या उजव्या कोपराशी. तो डावीकडे चाचपत होता.

बाई गेल्यावर त्या म्हणाल्या, “उद्याच्या उद्या विकून टाक.”

“आता? पन्नास दिवस कळ काढली, वीस राहिले. तूच शिकवलंस ना?”

सहा मार्चला बातम्यांत नवं करधोरण सांगितलं. खाणीच्या शेअरवरची वर्षाची सवलत बंद. आज विकले काय, दहा वर्षांनी विकले काय, कर सारखाच, आणि तो जुन्या दुप्पट दराने. ताईंनी टीव्ही बंद केला आणि फोन लावला.

“ऐकलं मी,” तो म्हणाला. “चला, आता थांबायला काही कारणच उरलं नाही.”

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झालं. पट्टी काढून डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं.

“उरलंय तेवढं टिकेल. गेलं ते परत येत नाही. जानेवारीत का नाही आलात?”

ताईंनी तोंड उघडलं. पण तोच आधी बोलला, “पैशांची सोय नव्हती हो.”

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “खोटं कशाला बोललास?”

“पायरी आहे का इथे? हात दे.”

एप्रिलच्या पहिल्या रविवारी दुकान रिकामं केलं. भिंग, चिमटे, डब्या शेजारच्या गल्लीतला घड्याळवाला घेऊन गेला. दुरुस्तीला आलेली घड्याळं धाकट्याने ज्याची त्याला परत केली, बंदच. मग एक पेटी आणि अंथरूण घेऊन तो ताईंकडे आला. चहाचा कप उचलताना त्याचा हात कपाशेजारी पडला. ताईंनी कप सरकवून त्याच्या बोटांना लावला.

संध्याकाळी ताई डायरी उघडून बसल्या. पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग नेहमीच्या नेटक्या अक्षरात लिहिलं: ‘दूध उद्यापासून अर्ध्याऐवजी एक लिटर सांगितलं.’